रेम्ब्रांटचं ‘उधळ्या पुत्राचं परतणं’ (१६३६): वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे नेमकं कोणतं चित्र? रशियातलं ते मोठं तैलचित्र का?

नाही. घोटाळा इथेच सुरू होतो. सेंट पीटर्सबर्गच्या हर्मिटेज संग्रहालयातलं तैलचित्र डच चित्रकार रेम्ब्रांटच्या शेवटच्या वर्षांतलं आहे, साधारण १६६८ चं. त्याची उंची २६२ सेंटिमीटर, म्हणजे माणसापेक्षा मोठी. या पानावर ज्याची माहिती आहे ते त्याआधी तीस-बत्तीस वर्षांचं एचिंग. तांब्याच्या पत्र्यावरून कागदावर छापलेलं, आकार सुमारे १५६ × १३६ मिलिमीटर. एका पंजाखाली झाकलं जाईल एवढंच. १६३६ मध्ये रेम्ब्रांट तिशीच्या उंबरठ्यावर होता आणि अॅमस्टरडॅममध्ये त्याचा चांगला जम बसला होता.

संग्रहालयांच्या नोंदींत आणि लिलावांच्या याद्यांत हे ‘बार्ट्श ९१’ या क्रमांकाने सापडतं. अॅडम फॉन बार्ट्श या व्हिएन्नाच्या अभ्यासकाने १७९७ मध्ये रेम्ब्रांटच्या एचिंग्जची यादी छापली. तिचे क्रमांक आजही चालतात. मोजमापात संग्रहागणिक एक-दोन मिलिमीटरचा फरक दिसला तर गोंधळू नका. प्रिंट ओल्या कागदावर घेतात आणि कागद वाळताना आकसतो, तोही प्रत्येक वेळी सारखा नाही.

गोष्ट काय आहे?

लूकच्या शुभवर्तमानाचा १५वा अध्याय, ११ ते ३२ ओव्या. धाकटा मुलगा बाप जिवंत असतानाच आपला वाटा मागून घेतो. जुन्या करारातल्या नियमाप्रमाणे थोरल्याला दुप्पट वाटा, म्हणजे दोन भावांत धाकट्याला एक तृतीयांश. तो दूरदेशी जाऊन पैसा उडवतो, दुष्काळ पडतो, डुकरं राखायची पाळी येते. डुकरांच्या शेंगांवर पोट भरावं असं वाटण्यापर्यंत वेळ येते, तेव्हा तो घराची वाट धरतो. बाप त्याला लांबूनच पाहतो, धावत जाऊन गळ्यात पडतो. मग नोकरांना हुकूम: उत्तम झगा आणा, बोटात अंगठी घाला, पायांत जोडे घाला, पोसलेलं वासरू कापा. शेतावरून आलेला थोरला रुसतो आणि बापाला त्याचीही समजूत घालावी लागते.

एक तपशील चित्र पाहताना फार उपयोगी पडतो. मुलाने माफीचं भाषण आधीच ठरवून ठेवलेलं असतं, ‘मला चाकर म्हणून ठेवा’ असं शेवटी म्हणायचं असतं. ते वाक्य त्याच्या तोंडून बाहेर पडायच्या आत बाप नोकरांना हाका मारू लागतो. रेम्ब्रांटने पकडलंय ते हेच.

चित्रात काय काय बघायचं?

घराच्या दारापाशी, पायऱ्यांवर मुलगा गुडघे टेकून बसलाय. अंगावर जेमतेम कमरेची लक्तरं. उघडी पाठ, सुकलेले दंड, विस्कटलेले केस, जोडलेले हात. हातातली काठी खाली पडलीय. बाप कमरेतून पुरता वाकून त्याच्यावर झुकलाय. दोघांची मिळून एकच आकृती होते आणि कुणाचं अंग कुठे संपतं हे क्षणभर शोधावं लागतं.

उजवीकडे दारातून नोकर कपडे आणि जोडे घेऊन खाली उतरतायत. वरच्या खिडकीची झडप ढकलून कुणीतरी बाहेर डोकावतंय. मागे कमानीतून लांबचा प्रदेश दिसतो, जिथून मुलगा चालत आला तो रस्ता तिकडचाच.

म्हणजे विसाव्या ओवीतली मिठी आणि बाविसाव्या ओवीतला हुकूम, दोन्ही एकाच क्षणात. मिठी सुटायच्या आत कपडे येऊन पोचलेत. पहिल्यांदा पाहणाऱ्याची नजर बापलेकांवरच खिळते आणि जोडे घेऊन येणारा नोकर निसटून जातो. पण कथेतला निकाल त्याच्या हातात आहे. अनवाणी राहायचा तो गुलाम, जोडे घालायचा तो घरचा मुलगा.

पायऱ्यांकडेही लक्ष द्या. मुलाला घरात शिरायचं तर अजून त्या चढायच्या आहेत आणि बाप मात्र घर सोडून त्याच्यापर्यंत आलाय. नोकरांची उतरती रांग, बापाची वाकलेली पाठ आणि मुलाचे गुडघे, अशी एक तिरकी घसरण तयार होते. नजर आपोआप वरून खाली येते आणि दोघांच्या डोक्यांपाशी थांबते.

मुलाचा चेहरा इतका बेढब का काढलाय?

मुद्दाम. तेव्हाच्या इटालियन वळणाच्या चित्रांत पश्चात्ताप करणारा तरुण भुकेलेला असला तरी देखणाच असायचा. रेम्ब्रांटचा मुलगा खरोखर डुकरांमध्ये राहून आल्यासारखा दिसतो. ओठ सुटलेले, कपाळावर आठ्या, चेहरा जवळजवळ जनावरासारखा ओबडधोबड. जवळून पाहिलं तर हा सगळा चेहरा मोजक्या आखूड रेघांचा आहे. सावलीसाठी गर्द जाळी विणलेली नाही, मधे मधे कोरा कागद तसाच ठेवलाय.

आमच्या मते चित्राचं बळ इथेच आहे. मुलगा गोंडस असता तर त्याला जवळ घेणं सोपं होतं. इथे बापाने जे छातीशी धरलंय ते दुसऱ्या कुणीही धरलं नसतं.

थोरला भाऊ कोणता?

खात्रीने बोट ठेवावं असा कुणी नाही. लूकच्या कथेप्रमाणे तो या वेळी शेतावर आहे. तो घराजवळ येतो पंचविसाव्या ओवीत, गाणंबजावणं सुरू झाल्यावर. खिडकीतल्या व्यक्तीला थोरला भाऊ म्हणणारी वर्णनं कधीकधी वाचायला मिळतात. ती बहुतेक हर्मिटेजच्या तैलचित्राच्या आठवणीवरून आलेली असतात. तिथे उजवीकडे काठी धरून ताठ उभा असलेला पुरुष सहसा थोरला भाऊ मानला जातो.

रचना रेम्ब्रांटची स्वतःची का?

पूर्णपणे नाही, आणि त्यात कमीपणा काही नाही. सोळाव्या शतकातला डच चित्रकार मार्टेन वान हेमस्केर्क याने याच दृष्टांतावर लाकडी ठशांची मालिका केली होती. त्यातल्या पुनर्भेटीच्या दृश्याशी या एचिंगचं नातं अभ्यासकांनी दाखवून दिलंय. रेम्ब्रांट छापचित्रांचा अट्टल संग्राहक होता. १६५६ मध्ये त्याचं दिवाळं निघालं तेव्हा घरातल्या वस्तूंची जी यादी झाली, तिच्यात हेमस्केर्कच्या छापांचा संग्रहही आहे.

त्याने सांगाडा घेतला आणि वजन बदललं. हेमस्केर्कची माणसं पिळदार स्नायूंची, थोडी पुतळ्यांसारखी. रेम्ब्रांटकडे ती हाडामांसाची झाली.

हाच विषय त्याच्याकडे पुन्हा पुन्हा येतो. ड्रेस्डेनमधल्या १६३५ च्या सुमाराच्या चित्रात उधळ्या पुत्राच्या वेषात, मद्याचा पेला उंचावून, पत्नी सास्कियाला मांडीवर घेऊन तो स्वतः बसलाय. हार्लेमच्या टेलर्स संग्रहालयात १६४२ च्या सुमाराचं परतण्याचं रेखाटन आहे. आणि शेवटी हर्मिटेजचं तैलचित्र. १६३६ च्या फेब्रुवारीत त्याचं पहिलं मूल दोन महिन्यांचं होऊन गेलं. ते या प्रिंटशी जोडायचा मोह अनेकांना होतो, पण प्रिंटमध्ये तसा काहीच पुरावा नाही. न जोडलेलं बरं.

तैलचित्र आणि एचिंग यांत मुख्य फरक कोणता?

तैलचित्रात सगळं थांबलंय. मुलाची आपल्याकडे पाठ आहे, डोकं भादरलेलं, एक पाऊल उघडं, चेहरा जवळपास दिसतच नाही. बाप शांत उभा, दोन्ही तळवे मुलाच्या पाठीवर. एचिंगमध्ये सगळी घाई आहे. बाप धावत आलाय, नोकर उतरतायत, झडप उघडतेय. एक चित्र साठीतल्या माणसाचं, दुसरं तिशीतल्या माणसाचं, असं म्हणून लोक मोकळे होतात. खरं कारण माध्यमातही आहे. वीतभर कागद माणूस हातात धरून जवळून वाचतो, आणि अशा प्रिंटला बारीकसारीक घडामोडी मानवतात.

एचिंग म्हणजे नेमकं काय? कोरीवकामापेक्षा वेगळं कसं?

कोरीवकामात बुरीन नावाच्या टोकदार पोलादी हत्याराने तांबं थेट खणून काढतात. मनगटात ताकद लागते, रेघ नेटकी आणि शिस्तीची येते. एचिंगमध्ये पत्र्यावर मेणाचा थर देतात, सुईने तो थर फक्त खरवडतात, मग पत्रा आम्लात सोडतात. उघड्या पडलेल्या तांब्यात आम्ल रेघ खोल करतं. सुई मेणातून लोण्यातल्या सुरीसारखी फिरते, त्यामुळे हात कागदावर चालतो तसाच चालतो.

थर कसा आहे यावरही बरंच अवलंबून असतं. फ्रान्समधला जाक कालो कडक वार्निश वापरायचा. त्याने याच दृष्टांतावर केलेली अकरा छोट्या चित्रांची मालिका १६३५ मध्ये, त्याच्या मृत्यूच्या वर्षी, प्रसिद्ध झाली. तिच्या रेघा कोरीवकामाशी स्पर्धा करतात, फुगत जातात आणि निमुळत्या होत संपतात. अब्राहम बोसने १६४५ मध्ये छापलेलं एचिंगचं पहिलं मोठं हस्तपुस्तक याच शिस्तीचं आहे. रेम्ब्रांटचा थर मऊ होता आणि त्याला ही शिस्त नकोच होती. त्याच्या रेघा अडखळतात, परत फिरतात, एकमेकींवर चढतात. कालोची मालिका आणि ही प्रिंट शेजारी ठेवून दहा मिनिटं पाहा, सगळा फरक डोळ्यांनीच कळेल.

सही उलटी का येत नाही?

छापताना सगळं उलटं होतं, डावं उजवीकडे जातं. ‘रेम्ब्रांटने केलं, १६३६’ अशा अर्थाची लॅटिन वळणाची सही प्रिंटवर सुलटी दिसते. म्हणजे पत्र्यावर त्याने ती आरशातल्यासारखी उलटी लिहिली होती. सुरुवातीच्या काही प्लेटांवर त्याचं एखादं अक्षर किंवा आकडा उलटा राहून गेल्याचंही दिसतं. इथे तसं नाही.

या प्रिंटच्या किती ‘अवस्था’ आहेत?

एकच. पत्र्यात बदल करून पुन्हा छापलं की नवी अवस्था धरतात. रेम्ब्रांटच्या काही प्लेटा चार-पाच किंवा त्याहूनही जास्त अवस्थांतून गेल्या. ही पहिल्या खेपेतच त्याच्या मनासारखी झाली असणार. म्हणूनच ‘दुर्मीळ पहिली अवस्था’ म्हणून कुणी ही प्रिंट विकायला काढली तर सावध व्हा.

अभ्यास म्हणून याची प्रत स्वतः करायची आहे. कशी करावी?

जरूर करा, पण मूळ मापात नको. थोडा लहान किंवा मोठा पत्रा घ्या, म्हणजे पुढे कुणी फसणार नाही. हाताशी प्रेस हवा. नसेल तर जवळच्या कला महाविद्यालयाच्या प्रिंटमेकिंग विभागात विचारा. मुंबईत सर ज. जी. कला महाविद्यालयाची या विषयातली परंपरा जुनी आहे.

*पत्रा.* तांब्याचा, १८ किंवा २० गेज. आपल्याकडे स्वस्त म्हणून जस्ताचा पत्रा सर्रास वापरतात. या चित्राच्या बारीक रेघांना तो बरा नाही, जस्तात रेघ भरड खाल्ली जाते. चारही कडा कानशीने ४५ अंशांत उतरवा आणि कोपरे किंचित गोल करा. कडा धारदार राहिल्या तर कागद फाटतो आणि प्रेसचं नमदं, म्हणजे लोकरी ब्लँकेट, कापलं जातं. ते नमदं महाग असतं.

*चरबी काढणं.* खडूची पूड आणि थोडा अमोनिया, किंवा सोया सॉस आणि खडू. मग नळाखाली धरा. पाण्याचा थर अखंड राहिला तर पत्रा तयार. कुठे थेंब आकसले तर तिथे तेलकटपणा आहे, पुन्हा घासा. एका बोटाचा ठसासुद्धा पुरतो.

*मेणाचा थर.* अस्फाल्टम पूड २ भाग, मधमाशीचं मेण २ भाग, राळ १ भाग. मंद आचेवर वितळवून, गार पाण्यात ओतून गोळा करा. रस्त्याचं डांबर अस्फाल्टमच्या जागी चालत नाही, ते चिकट राहतं. पत्रा गरम करून गोळा घासा, रबरी रोलरने पातळ पसरवा. रंग मधासारखा तपकिरी आणि पारदर्शक दिसला पाहिजे. काळा दिसला तर थर जाड झाला, सुईखाली त्याच्या कपच्या उडतील. थर गरम असतानाच मेणबत्त्यांच्या जुडग्याने धुरावलात तर तो एकसारखा काळा होतो आणि खरवडलेलं तांबं लखलखून दिसतं. ज्योत एका जागी थांबवू नका, थर जळतो.

*रेखाटन.* मूळ चित्राची छापील प्रत आरशात धरून, किंवा संगणकावर उलटी करून, पांढऱ्या कार्बनने उतरवा. सुई तांब्याला टेकली पाहिजे, पण खुपसायची नाही. फक्त मेण उघडायचंय. मूळ चित्रातली मोकळी जागा मोकळीच ठेवा. विद्यार्थी बापाचा झगा भरत बसतात आणि चित्र मरतं.

*आम्ल.* फेरिक क्लोराइड, ४० बोमे, म्हणजे घनता साधारण १.३८. इलेक्ट्रॉनिक सर्किट बोर्डांसाठी हेच लागतं, त्यामुळे मुंबईत लॅमिंग्टन रोडला सहज मिळतं. पूड पाण्यात थोडी थोडी टाका, पुडीवर पाणी ओतू नका. मिश्रण चांगलंच तापतं. हातमोजे आणि चष्मा हवाच, आणि डाग कपड्यांतून जात नाही. नायट्रिक आम्ल घरात नको. तांब्याबरोबर त्याचा तपकिरी विषारी वायू निघतो.

पत्रा फेरिकमध्ये उभा किंवा तोंड खाली करून ठेवा. रेघेत गाळ साचतो आणि पत्रा उताणा असेल तर तोच गाळ रेघ बुजवतो, मग आम्ल पुढे खात नाही. मागची बाजू आणि कडा वार्निशने झाकलेल्या असू द्यात.

वेळेसाठी आधी एका तुकड्यावर ५, १०, २०, ४० आणि ६० मिनिटांची चाचणी पट्टी करा. द्रावण जुनं असेल किंवा हवा गार असेल तर वेळ वाढतो, त्यामुळे दुसऱ्या कुणाचे आकडे डोळे मिटून घेऊ नका. मग टप्प्याटप्प्याने: कमानीतला लांबचा प्रदेश सर्वांत आधी बाहेर काढून वार्निशने झाका, पुढे भिंत आणि नोकर, आणि सगळ्यात शेवटपर्यंत बापलेकांच्या खालच्या गडद सावल्या. प्रत्येक खेपेला पत्रा पाण्याने धुऊन पूर्ण वाळवायचा, नाहीतर वार्निश धरत नाही.

*छपाई.* सुती कागद, २५० ते ३०० ग्रॅम वजनाचा. अर्धा ते एक तास पाण्यात ठेवा, मग टिपकागदात दाबा. पृष्ठभागावर पाण्याची चमक दिसता कामा नये. पत्रा कोमट करून शाई रेघांत दाबून भरा, जाळीच्या कडक कापडाने गोल गोल पुसा, शेवटचा हात तळव्याने, तळव्याला चिमूटभर खडू लावून. कडा चिंधीने स्वच्छ. मग प्रेस.

प्रिंट बिघडली. काय चुकलं असेल?

रेघा फिकट आणि तुटक आल्या तर तीन शक्यता: आम्लात कमी वेळ, कागद कोरडा, किंवा प्रेसचा दाब कमी. पत्र्यावर नख फिरवून पाहा. रेघ नखाला लागते पण छापत नाही, तर दोष कागदाचा किंवा दाबाचा. लागतच नाही, तर आम्लाचा.

चित्रभर काळे ठिपके म्हणजे थराला भोकं होती. जास्तीची धूळ किंवा चरबी. बारीक ठिपके घोटणीने बसवता येतात.

गडद सावलीच्या जागी करडा, सपाट डाग आला तर जाळी जास्त दाट झाली आणि रेघांमधल्या तांब्याच्या भिंती आम्लाने खाल्ल्या. आता शाई धरायला खाचच उरली नाही. घाई करणाऱ्यांच्या हातून हे हमखास होतं. सावली गडद हवी तर रेघा वाढवू नका, वेळ वाढवा.

सगळी प्रिंट धुरकट आली तर पुसणं कमी पडलं. उलट, रेघा पांढुरक्या पडल्या तर कापड फार मऊ होतं आणि त्याने खाचेतली शाईच ओढून घेतली.

आमच्याकडे एक जुनी प्रिंट आहे. ती खरी असेल का?

‘खरी’ या शब्दाखाली इथे तीन वेगळ्या गोष्टी येतात.

पहिली, रेम्ब्रांटच्या हयातीतली छपाई. कागद हाताने केलेला, उजेडात धरला की उभ्याआडव्या तारांच्या खुणा दिसतात, आणि नशीब असेल तर जलचिन्ह: विदूषकाची टोपी, स्ट्रासबुर्गची लिली, अॅमस्टरडॅमचं राजचिन्ह अशांपैकी काही. जलचिन्हांवरून छपाईचा काळ ठरवण्याचं काम आता बरंच पुढे गेलंय. रेम्ब्रांटने जपानी कागद वापरायला सुरुवात केली ती १६४७ च्या सुमारास. त्यामुळे जपानी कागदावरची प्रिंट ‘१६३६ मध्येच छापलेली’ असं कुणी म्हणत असेल तर ते जुळत नाही.

दुसरी, मृत्यूनंतरची छपाई. रेम्ब्रांट १६६९ मध्ये गेला, पण प्लेटा छापत राहिल्या. अॅमस्टरडॅमचा व्यापारी क्लेमेंट दे योंगे याच्या १६७९ च्या मालमत्तेच्या यादीत रेम्ब्रांटच्या ७४ प्लेटा आहेत. पुढे १७६७ मध्ये पीटर दे हान याच्या संग्रहातून मोठा गठ्ठा विकला गेला, तो पॅरिसचा संग्राहक वातले याच्याकडे आणि मग प्रकाशक बासानकडे गेला. बासानने १७८९ च्या सुमारास त्यांचा संच छापला, त्याच्या वारसांनी आणि नंतरच्या मालकांनी छपाई चालूच ठेवली. १९०६ मध्ये अल्व्हँ-बोमाँनेही एक संच काढला. उरलेल्या प्लेटा १९९३ मध्ये विकल्या जाऊन जगभर पांगल्या. अशा उशिराच्या छपाईत सर्वांत उथळ रेघा आधी जातात, आणि काही प्लेटांवर परक्या हातांनी रेघा पुन्हा कोरलेल्याही आहेत. १६३६ च्या प्रिंटमध्ये कमानीतला प्रदेश आणि नोकरांचे चेहरे आधी तपासा. तिथे तुटकपणा असेल आणि पुढच्या सावल्या मात्र काळ्या असतील, तर ती दमलेल्या पत्र्याची छपाई.

तिसरी, नकला. सर्वांत फसव्या एकोणिसाव्या शतकातल्या शार्ल अमां-द्युरांच्या. त्याने छायाचित्राच्या मदतीने नव्या तांब्याच्या प्लेटा केल्या, त्यामुळे त्यांनाही पत्र्याच्या कडेचा दाबलेला ठसा असतो आणि शाई उठावदार लागते. सहसा मागच्या बाजूला त्याच्या आद्याक्षरांचा लाल शिक्का असतो, पण तो खोडलेला किंवा कापलेला असू शकतो.

घरी करायची पहिली चाचणी म्हणजे दहापट भिंग. रंगाचे ठिपके नियमित ओळींत दिसले तर ऑफसेट छपाई, विषय संपला. ठिपके नाहीत आणि शाई कागदाच्या वर किंचित उभी आहे, तर पुढे तज्ज्ञाला दाखवा. कागद पिवळा आहे म्हणून जुना, असं मानू नका. चहाच्या पाण्याने कागद दहा मिनिटांत पिवळा होतो.

याला ‘बरोक’ का म्हणायचं?

बरोक ही युरोपातली सतराव्या शतकातली कलाशैली. काळ तोच, आणि घडत असलेला क्षण, तिरकी रचना, भावनेचा थेट मारा ही सगळी बरोकची लक्षणं. पण फ्लेमिश चित्रकार रुबेन्सच्या झगमगाटासारखं इथे काही शोधू नका. प्रोटेस्टंट हॉलंडमध्ये चर्चसाठी भव्य चित्रांची मागणी नव्हती, बायबलची चित्रं घरात पाहिली जायची.

रेम्ब्रांटचा भारताशी काही संबंध?

या प्रिंटचा नाही. रेम्ब्रांटचा मात्र आहे, आणि तो चांगला भक्कम आहे. १६५६ ते १६६१ च्या सुमारास त्याने मुघल लघुचित्रांवरून वीसहून अधिक रेखाटनं केली, शाहजहान आणि जहांगीर यांच्या प्रतिमांसह. अशी चित्रं हॉलंडला पोचण्याचा मार्ग डच ईस्ट इंडिया कंपनीचा व्यापार होता. सुरतेची डच वखार त्याच कंपनीची, आणि वेंगुर्ल्यात जिचे अवशेष उभे आहेत ती वखारही. झाडाखाली बसलेल्या चार वृद्धांच्या एका मुघल चित्राची रचना त्याने १६५६ च्या ‘अब्राहम आणि देवदूत’ या एचिंगमध्ये वापरली. अंगणात जमिनीवर बसून जेवणारे देवदूत पाहिले की हे लगेच पटतं.

प्रत्यक्ष कुठे पाहता येईल?

अॅमस्टरडॅमचं राइक्सम्युझियम, लंडनचं ब्रिटिश म्युझियम, न्यूयॉर्कचं मेट्रोपॉलिटन अशा मोठ्या संग्रहांत प्रती आहेत. भिंतीवर मात्र क्वचितच असतात, कारण उजेडाने कागद खराब होतो. साधारण ५० लक्सच्या मंद प्रकाशात काही महिने दाखवून त्या पुन्हा पेटीत जातात. खास याचसाठी जात असाल तर आधी लिहून अभ्यासकक्षाची वेळ मागा. हातात पेन न्यायचं नाही, फक्त पेन्सिल. अॅमस्टरडॅमला राहणाऱ्यांनी रेम्ब्रांटहाउसलाही जावं. १६३९ ते १६५८ पर्यंत तो तिथे राहिला, आणि तिथे एचिंगची छपाई करून दाखवतात. घरबसल्या पाहायचं तर राइक्सम्युझियम आणि मेट्रोपॉलिटन यांच्या संकेतस्थळांवरून मोठ्या आकाराची चित्रं मोफत उतरवता येतात. एकदा ती १५६ × १३६ मिलिमीटरमध्येच छापून हातात धरा. पडद्यावर मोठं करून पाहण्याने चित्राचा स्वभावच बदलतो.

प्रिंट मुंबई-कोकणात कशी जपावी?

शत्रू तीन: पावसाळ्यातली बुरशी, कसर आणि ऊन. आर्द्रता ५० टक्क्यांच्या आसपास ठेवता आली तर उत्तम. ते शक्य नसेल तर निदान बाहेरच्या भिंतीवर लावू नका, ओल तिथेच झिरपते. फ्रेमच्या मागे बुचाचे छोटे तुकडे चिकटवा, म्हणजे हवा खेळेल.

प्रिंट आम्लमुक्त माउंटमध्ये ठेवा, काच कागदाला टेकता कामा नये. वरच्या कडेला जपानी टिश्यूच्या दोन पट्ट्या, गव्हाच्या स्टार्चच्या खळीने लावलेल्या. घरची मैद्याची खळ नको, त्यातल्या चिकाला कसर आणि झुरळं दोन्ही येतात. सेलोटेप, फेविकॉल आणि लॅमिनेशन तर नकोच नको. फ्रेमवाला ‘सपाट बसेल’ म्हणून प्रिंट पुठ्ठ्यावर पूर्ण चिकटवू म्हणेल, त्याला स्पष्ट नाही म्हणा. बुरशी दिसली तर ओल्या फडक्याने पुसू नका. प्रिंट हवेशीर, सावलीच्या जागी कोरडी होऊ द्या आणि मग कागदाच्या संवर्धकाकडे न्या.

स्वतः केलेली प्रत विकता येते का?

येते. रेम्ब्रांटला जाऊन साडेतीनशे वर्षं झाली, मूळ चित्रावर कुणाचा स्वामित्व हक्क नाही. एखाद्या संग्रहालयाचं छायाचित्र वापरून पोस्टर किंवा पुस्तक छापणार असाल तर त्या संग्रहालयाच्या अटी वाचा, त्या ठिकठिकाणी वेगळ्या असतात. हाताने केलेल्या एचिंगखाली, प्रतिमेबाहेरच्या समासात, पेन्सिलीने डावीकडे प्रतक्रमांक (उदाहरणार्थ ३/२०), मधे ‘रेम्ब्रांटनुसार’ आणि उजवीकडे स्वतःची सही व साल लिहा. पत्र्यावरची रेम्ब्रांटची सही मात्र उतरवू नका.